डागडुजी न सांगणारी पोथी

कादंबरीचं परीक्षण लिहितात, नाटकाचं लिहितात, हल्ली वेब सिरीजचंही लिहितात. यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेचं कोणी लिहीत नाही. मिक्सरची पुस्तिका आपण सगळेच न वाचता खणात टाकतो आणि काही बिघडत नाही. पण मी आज जिच्याबद्दल लिहितोय तिच्यात काय सांगितलंय आणि काय राहून गेलंय यावर वाचणाऱ्याचा जीव अवलंबून असू शकतो. असं किती पुस्तकांबद्दल म्हणता येईल?

ही पुस्तिका अमेरिकेतल्या हीथकिट कंपनीच्या एसबी-२२० या ॲम्प्लिफायरची. तुमच्यापैकी बहुतेकांचा हॅम रेडिओशी संबंध नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. हौशी रेडिओवाल्याचा नेहमीचा संच साधारण १०० वॅट बाहेर टाकतो. त्याच्यापुढे ॲम्प्लिफायर जोडला की तेच सिग्नल हजार वॅटच्या आसपास जातात. दहापट वीज म्हणजे १० डेसिबल. पलीकडच्या माणसाच्या मीटरवर काटा दोन घरंसुद्धा पुरा सरकत नाही. तरीही न्यू जर्सीहून पुण्याच्या हॅमशी बोलताना, आवाज खरखरीत बुडायच्या बेतात असताना, ती पावणेदोन घरं म्हणजे ‘ऐकू आलं’ आणि ‘नाही आलं’ यांतलं अंतर असतं. त्यासाठी लोक तीन हजार व्होल्ट घरात आणतात.

एसबी-२२० बाजारात आला १९७० च्या सुमारास. काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह (अमेरिकन त्यांना ट्यूब म्हणतात, मला आजोबांच्या रेडिओमुळे व्हॉल्व्हच म्हणवतं), ३-५००झेड नावाचे. तो तयार मिळत नसे, सुट्या भागांची पेटी यायची आणि गिऱ्हाइकानं घरी जोडायचा. हीथ मूळची विमानं बनवणारी कंपनी. १९४७ मध्ये तिनं ऑसिलोस्कोपचं किट काढलं, मग मिशिगनमधल्या बेंटन हार्बरहून चार दशकं असली किटं विकली आणि १९९२ मध्ये तो धंदा बंद केला. पण तिची यंत्रं काही बंद पडली नाहीत. आज अमेरिकेतल्या कुठल्याही हॅम बाजारात एखादा तरी एसबी-२२० टेबलावर दिसतो, आणि नव्या ॲम्प्लिफायरच्या मानानं तो इतका स्वस्त असतो, की नवशिक्या मराठी इंजिनिअरचा हात आधी त्याच्याकडेच जातो.

आता पुस्तिकेकडे वळू. तिची भाषा मला मनापासून आवडते. आपल्याकडे पूजा सांगणारे गुरुजी जसे ‘आता पळीभर पाणी सोडा, आता उजव्या हातानं फूल वाहा’ म्हणतात, अगदी तशी. प्रत्येक पायरी एक वाक्य, वाक्याआधी रिकामा कंस, काम झालं की त्यात खूण करायची. तार किती लांब कापायची, दोन्ही टोकांचं आवरण किती सोलायचं, कुठल्या टोकाला सोल्डर करायचं आणि कुठे थांबायचं कारण तिथे अजून एक तार यायची आहे, आणि एका सांध्यात किती तारा असायला हव्यात हेही आकड्यात. शेवटची गोष्ट किती हुशारीची आहे पाहा. सांध्यात तीन तारा हव्यात असं पुस्तिका म्हणते आणि तुम्हाला दोनच दिसतात, म्हणजे चूक मागे कुठेतरी झाली आहे, आणि ती तिथल्या तिथे पकडली जाते. मी प्लाझ्मा भौतिकीत काम करतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या लाखो डॉलरच्या उपकरणांबरोबर येणारे कागद याच्या जवळपासही जात नाहीत. त्यांत विशेषणं भरपूर असतात.

मात्र ही पोथी ‘का’ विचारणाऱ्याला शेवटापर्यंत थांबायला लावते. सर्किटचं वर्णन मागच्या पानांत आहे, पण तोवर तुमचा ॲम्प्लिफायर जोडून झालेला असतो. हा दोष मी एरवी माफ केला असता. हातांनी आधी केलं आणि डोक्यानं नंतर समजून घेतलं तर बिघडत नाही. आपण पाढे असेच शिकलो. माझा खरा आक्षेप दुसरा आहे. या पुस्तिकेच्या लेखी यंत्र शेवटच्या कंसात खूण झाली की पूर्ण होतं, आणि मग तसंच राहतं. दोषशोधनाचा भाग आहे, पण त्याचा रोख नव्या यंत्राच्या दुखण्यांवर: चुकीची तार, कच्चा सांधा, उलटा बसवलेला डायोड. यंत्र म्हातारं होईल, ते तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाईल आणि त्या मालकानं यातला एकही सांधा स्वतः जोडलेला नसेल, हे तिच्या ध्यानीमनी नाही. आज तिचा प्रत्येक वाचक हाच चौथा मालक आहे.

उदाहरण म्हणून उच्च दाबाचा भाग घेऊ. आठ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी २०० मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्ट सोसणारा. मिळून ते २५ मायक्रोफॅरड होतात आणि ३,००० व्होल्टवर त्यांत ११२ ज्यूल ऊर्जा साठते. बेताल थरथरणारं हृदय ताळ्यावर आणायला डॉक्टर जो झटका देतात, तोही साधारण १२० ते २०० ज्यूलचा असतो; इथे तो चालत्या हृदयाला बसतो. म्हणून प्रत्येक कपॅसिटरला समांतर ३० किलोओहमचा एकेक रेझिस्टर आहे, ब्लीडर म्हणतात तो. त्याची कामं दोन: दाब आठांत सारखा वाटायचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३७५ व्होल्ट, आणि यंत्र बंद झालं की साठा रिकामा करायचा. गणित केलं तर पंचवीसेक सेकंदांत ३,००० चे ५० व्होल्ट होतात. कागदावर सुंदर.

पण ते रेझिस्टर प्रत्येकी पावणेपाच वॅट उष्णता रात्रंदिवस शेजारच्या कपॅसिटरवर फेकत असतात. उष्णतेनं इलेक्ट्रोलिटिक वाळतो, आणि रेझिस्टरही कधीतरी आतून तुटतो. समजा आठांतला एक तुटला. उरलेले सात कपॅसिटर आपापल्या रेझिस्टरमधून रिकामे होतील. आठवा होणार नाही, तो चारएकशे व्होल्ट पोटात धरून बसेल. पुढच्या पट्टीवरचा मीटर हजारांत मोजतो, त्यावर चारशे म्हणजे काटा शून्यावरून जेमतेम हलल्यासारखा. तुम्ही म्हणाल, उतरला.

पुढची पायरी अनुभवी माणसांनासुद्धा चकवते. तुम्ही शहाण्यासारखी वाळक्या लाकडाच्या दांडीला बांधलेली अर्थिंगची तार उच्च दाबाच्या टोकाला क्षणभर टेकवली आणि काढली. दोन टोकांमधला दाब शून्य झाला, हे खरं. पण चारशे व्होल्टचा एक आणि रिकामे सात अशी ती साखळी होती. टेकवल्यावर भार वाटला गेला: आठव्यात साडेतीनशे राहिले आणि उरलेल्या सातांत उलट्या दिशेनं पन्नास-पन्नास. बेरीज शून्य, पण आठव्याच्या दोन टोकांवर बोट ठेवलंत तर साडेतीनशेच. तो रिकामा व्हायचा तर तार टेकवून ठेवावी लागते, क्षणभर नव्हे, निदान पाचेक मिनिटं. मग प्रत्येक कपॅसिटर स्वतंत्र मोजायचा. झाकण उचललं की उच्च दाबाचं टोक चासीला टेकवणारी पट्टी यंत्रात आहे आणि तिच्याबद्दल हीथच्या लोकांचं कौतुक करावंसं वाटतं, पण तीसुद्धा फक्त बेरीज शून्य करते.

आता दुरुस्तीवाले काय करतात पाहा. बाजारात नव्या कपॅसिटरांचे संच मिळतात, त्यांत बहुधा ३० च्या जागी १०० किलोओहमचे ब्लीडर येतात. उत्तम: उष्णता तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. पण रिकामं व्हायचा वेळ पंचवीस सेकंदांवरून सव्वा मिनिटाच्या पुढे गेला, आणि पोथी जुनीच राहिली. यंत्र बदललं तर कागदही बदलावा, एवढी साधी शिस्त या छंदात नाही. प्रयोगशाळेत आम्हाला उच्च दाबाजवळ एकट्यानं काम करायची बंदी आहे. गॅरेजमध्ये रात्री अकराला बायको-मुलं झोपल्यावर ॲम्प्लिफायर उघडणाऱ्याला ही बंदी कोण घालणार? पुस्तिकेनं घालायला हवी होती, मोठ्या अक्षरात.

आता विजेची जोडणी पाहू. ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक गुंडाळी दोन भागांत आहे: समांतर जोडली की १२० व्होल्टवर चालते, एकापुढे एक जोडली की २४० वर. दोन्ही पर्याय पुस्तिकेत आहेत. मुंबई-पुण्यात वाढलेल्या आपल्याला भिंतीत २३० असणं गृहीत असतं. अमेरिकेत भिंतीत १२० असतं आणि २४० फक्त कपडे वाळवायच्या यंत्राला किंवा शेगडीला. १२० वर हे यंत्र २० अँपिअरपर्यंत मागतं. पॅनलपासून पंधरा मीटरवर खोली असेल तर १२ गेजच्या तारेत तीन व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त, शिवाय २० अँपिअरचा ब्रेकर सतत काठावर. २४० वर प्रवाह निम्मा आणि टक्क्यांतली घट चौथाई. परवानाधारक वायरमन बोलवा आणि स्वतंत्र २४० ची जोडणी करून घ्या. भाड्याच्या घरात घरमालक ऐकत नसेल तर शंभर वॅटवर खूश राहा. दुबई, लंडन किंवा मॉरिशसच्या वाचकांना ही अडचणच नाही.

या पुस्तिकेशेजारी ठेवून वाचावं असं एक पुस्तक आहे. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आयमॅक कंपनीनं १९६७ मध्ये काढलेलं, ‘द केअर अँड फीडिंग ऑफ पॉवर ग्रिड ट्यूब्ज’. नावातच निगा आणि खुराक. गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावं तसं. हे पुस्तक काळ मोजतं. व्हॉल्व्ह कशानं थकतो, फिलामेंटला किती दाब द्यावा, सील किती तापू द्यावं, हे सगळं ते कारणांसह सांगतं. ३-५००झेडच्या फिलामेंटला ५ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडे-तिकडे. एसबी-२२० मध्ये हे ५ व्होल्ट थेट भिंतीतल्या दाबावर ठरतात, आणि बटण दाबताच थंड फिलामेंट आणि रिकामे कपॅसिटर दोघेही एकदम वीज ओढतात. हळूहळू चढवायची सोय मूळ यंत्रात नाही. भिंतीत २४० च्या जागी २५० येत असतील तर फिलामेंट मर्यादेच्या कडेला आणि त्याचं आयुष्य भराभर कमी. मोजल्याशिवाय हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या काटकसरी स्वभावाच्या विरुद्ध जाते. या व्हॉल्व्हच्या ॲनोडवर झिर्कोनियमचा थर असतो, आत उरलेला वायू शोषून घेणारा. पण तो शोषतो केव्हा? ॲनोड तापून लालसर दिसू लागला की. म्हणजे कपाटात वीस वर्षं जपून ठेवलेला कोरा व्हॉल्व्ह हाच सगळ्यात बेभरवशाचा. आत वायू जमून पहिल्याच दिवशी कडाडून ठिणगी पडू शकते. रोज वापरलेला, लाल होणारा व्हॉल्व्ह तब्येतीनं चांगला. लाल रंग पाहून घाबरणारे नवशिके मी बरेच पाहिलेत.

आयमॅकच्या पुस्तकाचा दोष एवढाच, की ते रेडिओ केंद्रातल्या इंजिनिअरसाठी लिहिलंय. हातात पक्कड धरलेल्या माणसाला ते पहिला स्क्रू कुठला काढायचा ते सांगत नाही. हीथची पुस्तिका फक्त तेच सांगते. या दोघींच्या मधलं पुस्तक कोणी लिहिलंच नाही. तेवढ्या जागेत अनेक बारीक अपघात राहतात: उदाहरणार्थ मागच्या बाजूचं की-जॅक. मूळ यंत्रात त्यावर शंभराहून जास्त व्होल्ट असतात. त्या काळच्या संचातल्या दणकट रिलेला त्याचं काही नव्हतं. आजचा नाजूक जपानी संच सरळ जोडला तर त्याचा आतला स्विच जळतो. पुस्तिका खोटं बोलत नाही, ती फक्त १९७० मध्ये उभी राहून बोलते.

तुमच्यापैकी कोणी एसबी-२२० घ्यायचं ठरवलंच, तर एक सुचवतो. पुस्तिकेची छापलेली मूळ प्रत मागा, ज्यानं जोडला त्याची. तिच्या कंसांत पेन्सिलीच्या खुणा असतात. एके ठिकाणी खूण दोनदा गिरवलेली दिसेल, एके ठिकाणी कंस रिकामाच राहिलेला. आधी त्या पानावरचा भाग उघडा, पण सॉकेटमधून प्लग काढून, पाच मिनिटं तार टेकवून, आणि शेजारी कोणीतरी जागं असताना.