आत्मकथन आणि घरच्यांची भीती

मराठी आत्मकथनाबद्दल लिहिताना आपण ‘धाडस’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. मलपृष्ठावर ‘प्रांजळ’, ‘निर्भीड’ असे शेरे हमखास असतात. ते धाडस आले कुठून, भीती असताना लेखकाने लिहिले कसे, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. या वाङ्मयप्रकाराची खरी कसोटी तिथेच आहे, असे मला वाटते.

भीती निराधार कधीच नव्हती. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले आणि त्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पुढे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करताना बाळूताई खरे यांना विभावरी शिरूरकर या टोपणनावाच्या आड राहावे लागले.

दया पवार यांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) टोपणनावाचा आडोसा घेतला नाही, स्वतःचेच दोन भाग केले. शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरून आलेला दगडू समोरासमोर येतात, आणि दगडू बोलू लागतो. स्वतःच्या तोंडाने सांगताना जीभ अडली असती, ते दगडू सांगून जातो. लाज आणि भीती यांतूनच ही रचना जन्माला आली, असे मी मानतो. पुस्तक आल्यावर दलित समाजातल्या काही सुशिक्षितांनीही नाराजी व्यक्त केली. आपल्याच घरातले चव्हाट्यावर कशाला मांडायचे, हा त्यांचा सवाल होता.

घरच्यांची ही भीती बेबी कांबळे यांच्याइतकी जवळून दुसरीकडे दिसत नाही. फलटणला घरच्या दुकानात बसून, पुड्या बांधण्यासाठी आलेले रद्दीचे कागद वाचत त्यांचे वाचन वाढले. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत. वह्या अनेक वर्षे नवऱ्याच्या आणि मुलांच्या नजरेआड लपवलेल्या. अखेर फलटणला राहणाऱ्या मूळच्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी त्यांना प्रकाशनासाठी प्रोत्साहन दिले. लेखन ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात निघाले. एका वाचकाचा विश्वास किती पुढे नेऊ शकतो, ते इथे दिसते.

पण त्या पुस्तकात नवऱ्याची मारहाण जवळजवळ नाही. तिच्याबद्दल बेबीताई मोकळेपणाने बोलल्या त्या पुढे, अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. असे बहुतेक बायकांच्या वाट्याला येत होते, म्हणून स्वतःच्या दुःखापेक्षा समाजाचे दुःख सांगावे असे वाटले, हा त्यांचा खुलासा. मला तो पटतो आणि अस्वस्थही करतो. ‘आमुचं’ म्हटल्यामुळे लिहायचे बळ मिळाले आणि त्याच ‘आमुचं’मुळे एक दार बंद राहिले.

ते दार मल्लिका अमरशेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये (१९८४) थेट उघडले. सुनीता देशपांडे यांनी ‘आहे मनोहर तरी’मध्ये (१९९०) उभ्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबरोबरचा संसार तपासला आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) तर घरातली पुरुषी वृत्ती आणि चळवळीतली पुरुषी वृत्ती एकाच मापाने मोजते.

त्यानंतर? पुस्तके येत राहिली, पण जोखीम कमी झाली. बालपणीची गरिबी, शाळेतला अपमान, नोकरी, मग सत्कार असा साचा पडला आहे. लांबच्या शत्रूवर लेखक सडकून लिहितो. भाऊ, बायको, संघटनेतला सहकारी यांच्यापाशी आला की वाक्य गुळमुळीत होते. वेदना खरी आहे याबद्दल शंका नाही. वाचकाला आधीच मान्य असलेली वेदना तेवढी छापली जाते, ही माझी तक्रार आहे.

याचा दोष एकट्या लेखकावर टाकता येत नाही. हस्तलिखित हाती आल्यावर गाळलेल्या पानांची चौकशी करणारा संपादक दुर्मीळ झाला आहे. आत्मकथन छापणाऱ्या प्रत्येक संपादकाने लेखकाला एवढे तरी विचारावे, की हे पुस्तक कोणाच्या हाती पडू नये असे तुम्हाला वाटते? उत्तर मिळेपर्यंत छपाईची घाई करू नये.