नॉबचे नाव आणि नादाचा अर्थ : मिडी कंट्रोलर व जुना सिंथेसायझर ह्यांच्या संबंधाची चिकित्सा

१

जुन्या सिंथेसायझरला मिडी कंट्रोलर जोडून त्याचा नाद घडविण्याची पद्धती आता बरीच रूढ झाली आहे. कंट्रोलर म्हणजे स्वतः कोणताही नाद न काढणारे, केवळ नॉब व स्लायडर असलेले एक स्वतंत्र उपकरण. ह्या पद्धतीच्या समर्थनार्थ एक विधान वारंवार केले जाते. ते असे की, एका अरुंद पडद्यात व एकुलत्या एका स्लायडरात कोंडलेले वाद्य ह्या उपकरणामुळे पुन्हा वादकाच्या हाती येते. विधान आकर्षक आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे. वादकाच्या हाती परत येते ती केवळ हालचाल. त्या हालचालीला नादाच्या दृष्टीने कोणता अर्थ प्राप्त होतो, हे कोणत्या नॉबला काय नेमून दिले व त्याला काय नाव दिले ह्यावर अवलंबून असते. कंट्रोलर हा मूलतः दुभाषी आहे, आणि दुभाष्याची योग्यता त्याच्या कोशावरून ठरते. ह्या कोशाचा विचार ध्वनितंत्राच्या चर्चेत क्वचितच होतो. वस्तुतः तो भाषेच्या अभ्यासकाचाही विषय आहे.

२

हात व नाद ह्यांचा संबंध सरळ होता त्या काळाचा एक उत्तम नमुना महाराष्ट्रातच सापडतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून दीर्घकाळ वावरलेले चरणजित सिंग (१९४०–२०१५) ह्यांनी १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस इत्यादी राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविलेले आहेत. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या ओळी वाजविणारे यंत्र. २०१० साली ही ध्वनिमुद्रिका नेदरलँड्समधून पुनःप्रकाशित झाली, तेव्हा तिची गणना पाश्चात्त्य ‘अॅसिड हाउस’ संगीताच्या पूर्वखुणांत होऊ लागली.

ह्या कीर्तीपेक्षा तिच्यातील एक गुण येथे अधिक महत्त्वाचा आहे. ठेका प्रारंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. रागाची बढत शास्त्रीय मैफलीच्या मानाने त्रोटक असते. तरीही ऐकणाऱ्याला काही घडत असल्याची जाणीव होते, ती मुख्यतः नादाच्या पोतामुळे. खालच्या ओळीतील एक स्वर दुसऱ्यावर घसरत जातो आणि तिचा आवाज कधी मिटतो, कधी उघडतो. टीबी-३०३ च्या दर्शनी भागावर ह्या मिटण्या-उघडण्याला एक स्वतंत्र नॉब आहे. ज्युपिटर-८ वरही प्रायः प्रत्येक क्रियेला स्वतंत्र अवयव आहे. ह्या वाद्यात नॉबांची स्थिती आकड्यांच्या रूपाने साठविण्याची सोय होती हे खरे. परंतु वाजविताना वादकाला त्या आकड्यांशी काही कर्तव्य नव्हते. जे फिरवावे ते ऐकू यावे, एवढाच तेथील करार होता.

३

हा करार १९८३ साली मोडला. त्या वर्षी यामाहा कंपनीचा डीएक्स-७ बाजारात आला. त्याच्या मुळाशी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग ह्यांनी १९६७ साली लावलेला एक शोध होता. एका स्वराच्या कंपनसंख्येला दुसऱ्या स्वराने वेगाने हेलकावे दिले असता अनेक नवे उपस्वर निर्माण होतात, असे त्यांना आढळले. डीएक्स-७ मध्ये असे सहा स्वरजनक असून त्यांना ‘ऑपरेटर’ म्हणतात. ते परस्परांना ज्या बत्तीस रीतींनी जोडता येतात त्या रीतींना ‘अल्गोरिदम’ हे नाव आहे. एका नादाचे वर्णन करण्यास एकशे पंचेचाळीस मूल्ये लागतात. ती बदलण्यासाठी दर्शनी भागावर सपाट बटणांच्या रांगा आणि एकच स्लायडर आहे. आधी बटण दाबून मूल्य निवडावयाचे, नंतर तो स्लायडर सरकवावयाचा. परिणामी बहुसंख्य वादकांनी नाद घडविणे सोडून दिले व कारखान्याने भरून दिलेले नाद निवडण्यावर समाधान मानले.

त्याच वर्षी मिडी हा संकेत प्रचारात आला. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी हे त्याचे प्रमुख प्रवर्तक होत. त्याबद्दल २०१३ साली त्यांना तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक देण्यात आले. ह्या संकेताने निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. तुटलेला करार सांधण्याचा मार्गही त्यातूनच निघाला. रोलँडने आपल्या काही वाद्यांसाठी, उदाहरणार्थ डी-५० साठी, पीजी-१००० सारखी स्लायडरांची स्वतंत्र उपकरणे काढली. पुढे बेहरिंगर कंपनीच्या बीसीआर-२००० सारखे सर्वसाधारण कंट्रोलर आले. त्यावरील बत्तीस फिरते नॉब कोणत्याही एका वाद्याशी बांधलेले नाहीत. ह्या दोन प्रकारांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यावर नावे छापून येतात. दुसऱ्यावरील नॉब अर्थाच्या दृष्टीने कोरे असतात. त्यांचा अर्थ वापरणाऱ्याने ठरवावयाचा असतो.

४

कंट्रोलर वाद्याशी जे बोलतो त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे प्रश्नाचे मर्म ध्यानात येते. डीएक्स-७ ला त्याचा दुसरा ऑपरेटर सत्तर ह्या पातळीवर आणण्यास सांगावयाचे झाल्यास पुढील सात संख्या पाठवाव्या लागतात : २४०, ६७, १६, ०, १००, ७०, २४७. पहिली आणि शेवटची संख्या वाक्याचा आरंभ व शेवट दर्शविते. ६७ ही यामाहाची खूण होय. १६ ह्या संख्येने पहिल्या वाहिनीवरील वाद्याला मूल्य बदलण्याची आज्ञा होते. पुढील दोन संख्यांनी कोणते मूल्य ते कळते, आणि ७० हे ते मूल्य. मिडीच्या वेगाने हे सारे वाक्य सव्वादोन सहस्रांश सेकंदात पोचते. व्याकरण असे निर्दोष आहे. संबोधन, आज्ञा, कर्म, परिमाण, विराम, सर्व काही जागच्या जागी आहे.

अर्थाचे मात्र तसे नाही. पहिल्या अल्गोरिदममध्ये दुसरा ऑपरेटर पहिल्याला हेलकावे देतो. तेथे त्याची पातळी वाढविली म्हणजे उपस्वर वाढतात आणि नाद अधिक तेजस्वी, प्रसंगी कर्कश होतो. बत्तिसाव्या अल्गोरिदममध्ये सहाही ऑपरेटर स्वतंत्रपणे ऐकू येतात. तेथे तीच पातळी वाढविली असता नादाचा पोत न बदलता त्या एका घटकाची केवळ तीव्रता वाढते. सात संख्यांचे वाक्य अक्षरशः तेच, आणि अर्थ दोन. भाषेच्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘दिवा लावणे’, ‘सूर लावणे’, ‘कामाला लावणे’ आणि ‘जीव लावणे’ ह्या प्रयोगांत क्रियापद एकच आहे. अर्थ शेजारच्या शब्दांनी ठरतो. सुट्या ‘लावणे’ ह्या शब्दाचा एकच अर्थ सांगू पाहणारा कोश जितका अपुरा, तितकीच ‘ऑपरेटर दोन, पातळी’ अशी चिठ्ठी डकविलेली नॉबची मांडणीही अपुरी.

‘प्रत्येक मूल्याला एक नॉब’ हे तत्त्व ज्युपिटर-८ च्या जातीच्या वाद्याला बरोबर लागू पडते, कारण तेथे अवयवाचे नाव व कानावर होणारा परिणाम ह्यांची सांगड बव्हंशी कायम असते. तेच तत्त्व डीएक्स-७ ला लावून त्यावर शंभरावर नॉबांची रांग उभारली, तर हाताला काम मिळते, पण कानाला अर्थ मिळत नाही. इतर अडचणी ह्यामानाने गौण होत. कंट्रोलरचा नॉब शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत मोजतो, तर डीएक्स-७ ची बरीचशी मूल्ये नव्व्याण्णवावर संपतात. नाद बदलला तरी नॉब पूर्वीच्याच जागी राहतो, म्हणून पुढील स्पर्शाबरोबर मूल्य एकदम उडी घेते. ह्या गोष्टी योग्य रूपांतराने व गोल गोल फिरणाऱ्या, टोक नसलेल्या नॉबांनी दूर होऊ शकतात. अर्थाची अडचण तशी दूर होत नाही.

तिच्यावर उपाय एकच : नॉब यंत्राच्या अवयवाला न बांधता कानाला जाणवणाऱ्या गुणाला बांधावा. मध्ये एखादा लहानसा संगणक ठेवल्यास एका नॉबच्या फिरण्याने अनेक वाक्ये एकदम पाठविता येतात. पहिल्या अल्गोरिदममध्ये दुसरा व चौथा ऑपरेटर एकत्र वाढवावे, दुसऱ्या अल्गोरिदममध्ये त्याच्या रचनेनुसार वेगळे. वादकाच्या हाताखाली मात्र नॉब एकच राहावा. अशा नॉबला नाव काय द्यावे, हा प्रश्न येथे उभा राहतो.

५

नावाचा प्रश्न कोणत्यातरी भाषिक समाजातच सोडवावा लागतो. ह्या दृष्टीने मराठवाड्यातील नांदेड व लातूर हा परिसर विशेष विचारार्ह आहे. नांदेडच्या गुरुद्वारातील कीर्तनात हार्मोनियमला ‘वाजा’ म्हणतात. तेच वाद्य वारकरी भजनात ‘पेटी’ होते. लग्नसमारंभात वा ऑर्केस्ट्रात कोणत्याही कंपनीचा विद्युत् कीबोर्ड आला तरी तो बोलण्यात ‘कॅसिओ’च असतो. त्यावरील तयार नादाला ‘टोन’ म्हणतात, आणि वादक टोन ‘बदलतो’ वा ‘लावतो’. ‘घडवितो’ असे कोणी म्हणत नाही. निवडण्याला क्रियापद आहे, घडविण्याला नाही. हा केवळ शब्दांचा योगायोग मानता येत नाही. ज्या क्रियेला व्यवहारात नाव नाही ती क्रिया शिकविणेही अवघड होते.

तथापि मराठीत नादाच्या पोताचे शब्द नाहीत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून वादक ‘जवारी’ काढतो. धागा किंचित सरकला की उपस्वर खुलतात किंवा मिटतात. सी. व्ही. रामन ह्यांनी १९२१ साली ह्याच घटनेची भौतिकी मीमांसा केली होती. मिरजेच्या कारागिरांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या असलेले हे कौशल्य आणि डीएक्स-७ मधील हेलकाव्यांची पातळी ह्यांचा कानावरील परिणाम सजातीय आहे. दोहोंत मूळ स्वर तोच राहून उपस्वरांचे प्रमाण बदलते. तेव्हा त्या नॉबवर ‘जवारी’ हे नाव लिहिणे हे रूपक कमी आणि वर्णन अधिक होईल. डग्ग्याचा ‘घुमारा’ आणि स्वर सुटल्यावर मागे रेंगाळणारी ‘आस’ हे शब्दही असेच तयार आहेत.

मराठीच्या अनुकरणवाचक शब्दांचा विचार याहूनही उद्बोधक आहे. किणकिण, खणखण आणि घणघण हे तिन्ही शब्द धातूच्या नादाचे. परंतु कोणताही मराठी भाषक ते एकमेकांच्या जागी वापरणार नाही. ‘इ’काराने नाद लहान व उंच होतो, ‘ख’ने टणक व स्पष्ट होतो, ‘घ’ ह्या सघोष महाप्राणाने मोठा व खोल होतो. ऑपरेटरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर पूर्णांकी नसले म्हणजे डीएक्स-७ मधून घंटेच्या जातीचे नाद निघतात, आणि त्याची ख्याती बऱ्याच अंशी ह्याच नादांवर आहे. एका मराठी शब्दमालेने ज्या नादक्षेत्राची विभागणी आधीच करून ठेवली आहे, नेमके तेच हे क्षेत्र होय.

६

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शास्त्रीय परिभाषा नेमकी हवी. ‘जवारी’ हा शब्द तंबोऱ्याचा आहे, तो अन्यत्र नेल्यास घोटाळा होईल. परंतु नेमकेपणा कोठे हवा ह्याचा विवेक केला पाहिजे. मंडलाचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात ‘कंपनसंख्या’, ‘गुणोत्तर’ हेच शब्द योग्य. हाताखालच्या नॉबवर मात्र कानाचा शब्द हवा. शिवाय असे स्थलांतर मराठीला अपरिचित नाही. ‘पट्टी’ हा शब्द मुळात पेटीवर बोटाखाली येणाऱ्या लाकडी पट्टीचा. आज गायक ‘काळी चार’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात लाकूड नसून आधारस्वर असतो. समोर पेटी नसली तरी हा व्यवहार अडत नाही. हाताच्या वस्तूचे नाव कानाच्या कल्पनेला मिळाले आणि त्यात कोणाचाही घोटाळा झाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे शब्द सर्वांना सारखेच ऐकू येतील कशावरून? देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांत दखनी उर्दू बोलणारे वादक आहेत. ह्याचे उत्तर तर्काने नव्हे, परीक्षेनेच मिळेल. एकाच नादातील हेलकाव्यांची पातळी क्रमाने वाढवून सात-आठ नमुने तयार करावे. ते निरनिराळ्या मातृभाषांच्या वादकांना ऐकवावे. किणकिण, खणखण, घणघण ह्यांच्या सीमा प्रत्येक जण कोठे आखतो ते नोंदवावे. ज्या शब्दांच्या सीमा जुळतील ते नॉबवर घ्यावे, न जुळतील ते सोडावे. ह्या प्रयोगास एक जुने वाद्य, एक कंट्रोलर आणि ऐकणारी माणसे एवढेच साहित्य पुरेसे आहे, आणि त्यात कंट्रोलर हाच सर्वांत उपयुक्त ठरतो, कारण नाद थोडाथोडा व मोजून बदलण्याचे काम तो निर्दोषपणे करतो.

तात्पर्य, मिडी कंट्रोलरने जुने वाद्य हाती परत येते हे म्हणणे सुधारून घेतले पाहिजे. यंत्रातील अवयवांची यादी पुन्हा नॉबांवर उतरवून काढली तर डीएक्स-७ च्या पडद्यावरील दुर्बोधता केवळ अधिक जागा व्यापते. कोऱ्या नॉबांचा खरा लाभ हा की, नाव देण्याचा अधिकार कारखान्याकडून वादकाकडे येतो. तो अधिकार मराठी वादकाने मराठीत वापरावा की नाही हा अभिमानाचा प्रश्न नाही. ‘टोन बदलणे’ ह्यापलीकडे नादाविषयी बोलता यावे, आणि बोलता आल्यामुळे तो दुसऱ्याला शिकविता यावा, एवढ्यासाठीच तो प्रश्न विचारात घेणे अवश्य आहे.