गाडीत मिळालेला नवा करार

पूल होण्याआधी मनीषनगरच्या फाटकाशी गाडी जाण्याची वाट पाहत उन्हात उभे राहिलेले बरेच जण इथे आहेत. ती वर्ध्याकडची लाईन. आज आपल्याला उलट दिशेच्या गाडीत बसायचं आहे.

१८९३ साल. नागपूरहून राजनांदगावला निघालेले नारायण वामन टिळक, आणि समोर एक अनोळखी गोरा गृहस्थ. गप्पा धर्मावर आल्या. त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, रोज थोडं वाचायचं वचन घेतलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकीकत आपल्या सभांतून कितीदा तरी सांगितली जाते. पुस्तक हातात पडलं, वाचलं, विश्वास आला. आमची तक्रार हकीकतीबद्दल नाही, ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. या सांगण्यात मधला अभ्यास गायब होतो.

मधे काय झालं ते बघा. टिळकांना सुरुवातीला त्या वाचनात गोडी वाटली नाही. नवा करार मत्तयापासून सुरू होतो आणि मत्तय वंशावळीपासून. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. आपल्यापैकी कितीजण तिथेच पुस्तक मिटतात! टिळक दिलेल्या शब्दासाठी वाचत राहिले, आणि कुठलाही ग्रंथ वाचावा तसे पेन्सिल घेऊन वाचत राहिले. मग पाचवा, सहावा, सातवा अध्याय आला, म्हणजे डोंगरावरील प्रवचन. तिथे ते अडकले. म्हणजे मोजून पाहिलं तर फार पानं झालीच नव्हती. 'वर्षभरात संपूर्ण बायबल' अशी वेळापत्रकं मोबाईलवर घेऊन आपण रोजच्या अध्यायांवर खुणा करतो, तेव्हा हे आठवावं. त्यांनी खूण केली ती ओळीवर. आपण करतो ती तारखेवर.

शिवाय हा वाचक कोरा नव्हता. संस्कृत येत होतं, मराठी संतकविता अंगात मुरलेली होती, जातिभेद नसलेला धर्म हवा हा ध्यास आधीपासून होता. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते पुढे सांगत. प्रश्न मनात घेऊन बसलेल्या माणसाला त्या तीन अध्यायांत उत्तरं दिसली. प्रश्नच नसेल तर तेच अध्याय सुविचार म्हणून भिंतीवर जातात.

इथवर सगळं ठीक. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना आम्ही थबकतो. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या नवऱ्याजवळ नव्हत्या. बातमी कानावर आली आणि संसार दुभंगला. काही वर्षं ताटातूट. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा. लक्ष्मीबाई हे सारं हसत हसत सांगतात, म्हणून वाचणाऱ्याला त्यातलं दुखणं उशिरा कळतं. टिळकांचा विश्वास वाढत होता तेव्हा तो घरात कुणासोबत वाढत होता? आम्हाला हा प्रश्न टाळता येत नाही. टिळकांबद्दल नितांत आदर असूनही नाही.

आणि त्या स्वतः कशा बदलल्या? कुणी वचन घेऊन रोज वाचायला लावलं म्हणून नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी मनाशी घोळवला, माणसाने केली असं ठरलं, आणि मग कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आपल्या बायबल-वर्गांत हा क्रम चालतच नाही. आधी पाठ, मग विश्वास, मग आचरण, असं आपण धरून चालतो.

त्यांचा मोठा शास्त्राभ्यास आला तो अगदी शेवटी. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, जेमतेम दहाएक अध्याय झालेले. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनी लिहिले. ग्रंथ १९३८ ला आला. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! ओवी लिहायची तर प्रसंग नुसता माहीत असून भागत नाही. कोण कुणाला काय म्हणालं, त्या वेळी बाकीचे काय करत होते, ते ऐकणाऱ्याला दिसेल अशा शब्दांत उतरवावं लागतं. सोळाशे सोळात फादर स्टीफन्सनी 'क्रिस्तपुराण' ओवीतच रचलं होतं, तेही ऐकणाऱ्यांसाठीच. टिळक एकट्याने वाचत विश्वासात आले; लक्ष्मीबाई विश्वासात आल्यावर इतरांसाठी वाचत राहिल्या. अभ्यास म्हणून आम्हाला दुसरा अधिक अवघड वाटतो, आणि त्याची शिकवण आपल्याकडे जवळपास नाहीच.

पुढच्या वेळी मत्तयाचा फक्त पाचवा अध्याय घेऊ. घरी वाचताना कुणाला तरी शेजारी बसवा, आणि ते काय विचारतात तेवढं लिहून आणा. येताना पेन्सिलही आणा.