एका चुंबनाची किंमत

तरुण वाचकांसाठीच्या डिस्टोपियन कादंबऱ्यांवर, म्हणजे बिघडलेल्या भविष्याच्या कथांवर, दोन आक्षेप हमखास घेतले जातात : जग कच्चं आहे आणि प्रेम पटत नाही. व्हेरोनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ (२०११) पुन्हा वाचताना वाटलं, हे दोन आक्षेप नव्हेतच. दुखणं एकच आहे.

या कादंबरीतल्या शिकागोत माणसं पाच गटांत वाटलेली आहेत : निःस्वार्थी, निर्भय, ज्ञानी, स्नेहशील आणि सत्यवादी. सोळाव्या वर्षी गट निवडायचा, तो जन्मभरासाठी. गटाच्या कसोटीत न टिकलेले ‘गटहीन’ सफाई करतात, बसगाड्या नि रेल्वे चालवतात. निर्भय गटातली मुलं धावत्या रेल्वेतून उड्या मारतात. ती चालवणारे मात्र या भागात कडेलाच राहतात. ‘अलीजंट’मध्ये (२०१३) हे शहर म्हणजे जनुकीय शुद्धीचा प्रयोग असल्याचं उघड होतं. प्रयोग म्हटल्यावर जग कृत्रिम वाटणारच, असा यावर बचाव करता येईल. पण प्रयोग कोणी मांडला हे कळलं, म्हणून त्यात पिढ्या कशा नांदल्या हे कळत नाही.

नायिका ट्रिस निःस्वार्थी गटात वाढलेली. तिथे आरसाही मोजूनमापून पाहायचा, चारचौघांत स्पर्श टाळायचा. ती निर्भय गटात जाते आणि प्रशिक्षक फोरच्या प्रेमात पडते. तोही मूळचा तिच्याच गटातला. केवढं भांडवल आहे हे! एका जागी ते कामीही येतं : भीतीच्या चाचणीत ट्रिससमोर जवळिकीचीच भीती उभी राहते. तिथे तिचं बालपण बोलतं, आणि तेवढा प्रसंग मला खरा वाटला. एरवी हे दोघं कुठल्याही शहरातल्या कुठल्याही कॉलेजात असते, तरी प्रेमकथेत फारसा फरक पडला नसता. त्या जगाने त्यांच्या प्रेमाची काही किंमतच लावलेली नाही.

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) ती लागते. त्यातलं जगही काही निर्दोष नाही; बारा जिल्ह्यांच्या पोटापाण्याचा हिशेब मांडायला बसलं, तर गफलती सापडतील. पण तिथे ओळखीची सुरुवातच भुकेतून होते : लहानपणी पीटाने आईचा मार खाऊन उपाशी कॅटनिसकडे करपलेले पाव टाकलेले असतात. पुढे रिंगणात प्रायोजकांनी मदत पाठवावी, म्हणून तिला कॅमेऱ्यासमोर प्रेम दाखवावं लागतं. त्यातलं सोंग किती नि खरं किती, हे तिचं तिलाही उमगत नाही. गुहेत ती जखमी पीटाचं चुंबन घेते, आणि थोड्याच वेळात बाहेर पॅराशूटने गरम रश्श्याचं भांडं उतरतं. यापुढे काय करायचं, ते तिला बरोबर कळतं.