कडकपणाची उपपत्ती आणि पारशी समाज

धार्मिक समाज जितका कडक तितका बलवान, ही उपपत्ती डीन केली यांनी १९७२ साली मांडली व लॉरेन्स इयानाकोनी यांनी १९९४ साली तिला अर्थशास्त्रीय रूप दिले. कडक नियमांनी फुकटे सभासद गळतात व उरलेल्यांची निष्ठा वाढते, असा तिचा आशय. अमेरिकेतील चर्चपुरती ती पटण्याजोगी आहे; पण तेथे गळालेल्यांची जागा नवागत घेऊ शकतात.

पारशी समाजास ती लावू जाता अडचण उभी राहते. भारतात २००१ च्या जनगणनेत ६९,६०१ पारशी होते; २०११ मध्ये ५७,२६४. येथील कडकपणा नित्याच्या आचारात फारसा नाही. तो उंबरठ्यावर आहे. १९०८ च्या पेटिट-जीजीभाई खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने केलेल्या व्याख्येत पारशी पित्याची, विधिपूर्वक धर्मात घेतलेली अपत्ये आली. परधर्मीयाशी विवाह केलेल्या पारशी मातेची आली नाहीत. म्हणजे ही चाळणी फुकट्यांना गाळीत नाही. मुलींची संतती गाळते, मग ती मुलगी कितीही श्रद्धाळू असो. निष्ठेची परीक्षा येथे होतच नाही.

घटीचा सारा दोष या नियमावर टाकणे अर्थात अन्यायाचे होईल. उशिरा होणारे विवाह, अविवाहितांचे मोठे प्रमाण, अल्प जननप्रमाण आणि देशांतर ही कारणे अधिक बलवत्तर आहेत. तथापि २०१७ साली वलसाडच्या अंजुमनने परधर्मीयाशी विवाह केलेल्या एका कन्येस आईबापांच्या अंत्यविधीस येऊ देण्याचे सर्वोच्च न्यायालयात मान्य केले, ही घटना या उपपत्तीत कोठेच बसत नाही.