खर्ची पडलेले दोन दिवस : ज्यूल व्हर्नची कादंबरी आणि तिचे अ‍ॅनिमेशन रूप

माध्यमांतरात कथानक टिकते आणि त्यामागील मूल्य निसटते, असे पुष्कळदा घडते. ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ (1873) आणि तिच्यावर आधारित, स्पेन व जपान येथील संस्थांनी 1983 मध्ये निर्मिलेली ‘विली फॉग’ ही 26 भागांची मालिका यांतील सतीप्रसंग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

कादंबरीत फिलियस फॉग 20 ऑक्टोबर 1872 रोजी मुंबईत उतरतो, तेव्हा त्याच्या गाठीशी दोन दिवस शिल्लक असतात. लोहमार्ग मध्येच संपतो, हत्ती विकत घ्यावा लागतो आणि बुंदेलखंडाच्या रानात आउदा ही पारशी तरुणी वृद्ध राजाच्या चितेकडे नेली जाताना दिसते. अजून बारा तास हाताशी आहेत, ते तिच्यासाठी देता येतील, एवढाच फॉगचा हिशेब. याला हृदय आहे, याचेच क्रोमार्टीला आश्चर्य वाटते. फॉग मात्र तेही सवडीवर ठेवतो. 25 ऑक्टोबरला कलकत्ता येते तेव्हा शिलकीतले दोन्ही दिवस संपलेले असतात आणि त्याला त्याची खंत नसते. या करुणेला किंमत मोजावी लागते, म्हणूनच ती पटते.

मालिकेत फॉग सिंह आहे, तर आउदाची रोमी झाली असून ती मादी बिबळ्याच्या रूपात येते. कादंबरीत खलनायक नाही. फिक्स हा चुकलेला पण कर्तव्यनिष्ठ गुप्तहेर आहे. मालिकेने मात्र ट्रान्सफर हा वेषांतरपटू लांडगा नव्याने आणला. दर भागाला स्वतंत्र संकट व स्वतंत्र सुटका हवी असल्याने विलंब हे कुणाचे तरी कारस्थान ठरते. त्यामुळे रोमीच्या सुटकेतील शौर्य उरते, त्याग पुसट होतो. एका बाबतीत मात्र मालिका सरस आहे. आउदाचे सौंदर्य व्हर्न तिच्या युरोपीय गोरेपणाने तोलतो. प्राणिरूपामुळे ही वसाहतवादी मोजपट्टी आपोआप गळून पडते.

व्हर्नच्या भूगोलावर मात्र वऱ्हाडातील वाचकाला हसू येईल. त्याच्या खानदेशात कापसाशेजारी कॉफी, जायफळ आणि लवंग पिकते, आणि तेथील नद्या तापीला नव्हे, गोदावरीला मिळतात! बडनेऱ्यावरून जाणारा मार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला होता. बुऱ्हाणपूरवरून जाणारा, फॉगचा मार्गही मार्च 1870 मध्ये जबलपूरला जोडला गेला होता. म्हणजे 1872 च्या प्रवाशाला हत्तीची गरजच नव्हती. परंतु व्हर्नने ही गाडी मध्येच थांबवली नसती, तर फॉग त्या रानातून गेलाच नसता.