कागदी पाहुण्याला काम द्या

जेफ ब्राऊन यांचे ‘फ्लॅट स्टॅनली’ हे छोटे पुस्तक १९६४ साली निघाले. स्टॅनली लॅम्बचॉप या मुलाच्या अंगावर भिंतीवरचा सूचनाफलक पडतो आणि तो चपटा होतो : उंची चार फूट, रुंदी सुमारे एक फूट, जाडी अर्धा इंच. मग आईवडील त्याला पाकिटात घालून टपालाने कॅलिफोर्नियाला पाठवतात.

१९९५ साली कॅनडातील लंडन गावचे तिसरीचे शिक्षक डेल ह्युबर्ट यांनी ही कल्पना वर्गात आणली. मुलांनी कागदी स्टॅनली कापायचा, रंगवायचा, त्याच्या नावाने काही दिवस दैनंदिनी लिहायची आणि दोन्ही दुसऱ्या शाळेला पाठवायचे. तिथल्या मुलांनी पाहुणचार करून दैनंदिनी पुढे लिहायची व परत धाडायची. उपक्रम देशोदेशी पसरला. खर्च कागदाचा आणि टपालाचा. आम्हाला हे त्याचे सर्वांत मोठे बळ वाटते.

महागड्या भेटीचे काय होते, ते १९२७ साली दिसले. सिडनी ग्युलिक यांच्या पुढाकाराने अमेरिकेतून जपानी शाळांना सुमारे १२,७०० बाहुल्या गेल्या. जपानने उलट ५८ देखण्या बाहुल्या पाठवल्या. समारंभ थाटात झाले. पुढे महायुद्धात जपानमधल्या बहुतेक बाहुल्या ‘शत्रूच्या’ म्हणून नष्ट केल्या गेल्या. काहींनी लपवून ठेवल्या म्हणून सुमारे तीनशे उरल्या. युद्ध बाहुल्यांनी थांबणार नव्हतेच. पण भेट पाहण्यापलीकडे वर्गाला फारसे काम नव्हते, हा दोष उरतोच.

स्टॅनलीच्या उपक्रमातही हा दोष अनेकदा शिरतो. प्रसिद्ध इमारतीसमोर त्याचा फोटो काढला, की पाहुणचार संपला! फोटो काढणारे बहुधा पालकच. मुलाने काय पाहिले, काय मोजले, हे दैनंदिनीत शोधावे लागते.

खरे तर पुस्तकातच प्रश्न दडलेला आहे. वरील मापांनी घनफळ काढा : एक घनफुटाचा सहावा भाग, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आत. शरीराची घनता पाण्याएवढी धरली तर वजन पाच किलोही भरत नाही. चार फुटी मुलगा तर वीस-बावीस किलोचा असतो. उरलेला स्टॅनली गेला कुठे? लेखकाला या हिशेबाची गरज नव्हती. चौथी-पाचवीच्या वर्गाला मात्र तो जरूर घालावा.

आणि पाहुण्याच्या पाकिटात २० सेंमी लांबीची एक काडी ठेवावी. २१ मार्चच्या सुमारास ती दोन्ही गावांत सपाट जमिनीवर उभी रोवून मध्यान्हीची सावली मोजायची. पुण्यात ती सुमारे ६.७ सेंमी भरेल, ह्युबर्ट यांच्या लंडनमध्ये सुमारे १८.६ सेंमी. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण, आणि तो दोन्हीकडच्या मुलांनी दर पाच मिनिटांनी खुणा करून स्वतःच शोधायचा.